सौम्य मस्तकाभिघात : दिसत नाही तो विकार

काशीद परिसरात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, अलिबाग–मुरूड मार्गावर दुचाकींची वर्दळ आहे. झाडावरून पडणे, वाहन घसरणे अशा प्रसंगी डोक्यास मार लागतो, सी.टी. स्कॅन निर्दोष येतो आणि रुग्ण घरी परततो. पुढील तक्रारी मात्र वैद्याच्या ओसरीवर येतात. त्यांकडे आपण लक्ष वेधू इच्छितो.

ग्लासगो कोमा मापनात १३ ते १५ गुण, बेशुद्धी ३० मिनिटांहून अधिक नाही आणि स्मृतिभ्रंश २४ तासांच्या आत, अशा आघातास सौम्य म्हणतात. मज्जातंतूंवरील सूक्ष्म ताण सी.टी. स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही. समजा, पर्यटकांसाठी खानावळ चालवणाऱ्या गृहस्थास मासळी, स्वयंपाक आणि हिशेब यांचा क्रम लागेनासा होतो. मध्येच फोन आला की हातचे काम विसरते, क्षुल्लक कारणाने संताप येतो. घरचे त्यास आळशी ठरवतात. वस्तुतः नियोजन, आरंभ, संयम व अवधान ही मेंदूची कार्ये मंदावलेली असतात.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात धी, धृती व स्मृती यांचा विचार केला असून धृतीस मनाचे नियमन करणारी म्हटले आहे. सिद्धिस्थानात शिरास हृदय व बस्तीसह प्रधान मर्म मानले आहे. आधुनिक संज्ञेशी हे तंतोतंत जुळत नाही, तथापि रुग्णास समजून घेण्यास ही दृष्टी उपयुक्त ठरते.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, आकडी, अवयवांत दुर्बलता, नाका-कानातून स्वच्छ स्राव यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. नाकातून स्राव असताना नस्य सर्वथा वर्ज्य. औषधविक्रेत्यांनीही मार लागल्याचे विचारल्यावाचून झोपेची वा वेदनाशामक गोळी देऊ नये.

प्रथम एक-दोन दिवस विश्रांती, नंतर हळूहळू काम, पुरेशी निद्रा आणि मद्यवर्जन हे पथ्य पाळावे. एका वेळी एकच काम, कामांची लिखित यादी आणि ठरलेली वेळ यांचा लाभ होतो. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने विचारपूर्वक योजावीत, परंतु हमी देऊ नये. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सुधारतात. तक्रारी टिकल्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

कुटुंबीयांना 'हा आळस नव्हे, आघाताचा परिणाम आहे' इतके समजावून सांगणे हाही चिकित्सेचाच भाग होय, असे आम्हांस वाटते.