स्पोर्ट्स कार ‘खाली’ करून द्यायचं काम आलं, तर हो म्हणायचं का?



मुरबाडच्या कार्यशाळेत एका मुलाने हात वर केला. म्हशात त्याचं छोटं गॅरेज आहे. बोलेरो, पिकअप, ईको, रिक्षा, जे येईल ते काम करतो. तो म्हणाला, “सर, ठाण्याचं एक गिऱ्हाईक आलंय. स्पोर्ट्स कार आहे. लोअरिंग स्प्रिंग त्यांनी स्वतःच आणलेत. मला फक्त बसवायचेत. मजुरी मागेन ती द्यायला तयार आहेत. घेऊ का काम?”

प्रश्न साधा वाटतो, पण यात तुमचं गॅरेज, तुमचं नाव आणि कोणाचा तरी जीव अडकलेला आहे. म्हणून आज हाच विषय, सविस्तर. वही-पेन घेऊन बसा.

ही गिऱ्हाइकं आपल्याकडे येतात कुठून?

नकाशा डोळ्यासमोर आणा. कल्याण–मुरबाड रस्ता पुढे माळशेज घाटात चढतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची तिथे रांग लागते. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. म्हणजे भारी गाड्या आता आपल्या दारावरून जाणार. त्यातली एखादी तुमच्याकडे थांबणारच. म्हणून तयारी आधी हवी.

गाडी खाली केली की नेमकं काय होतं?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलतो. शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. दोघांची जोडी जमलेली असते. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि बहुतेक वेळा कडक असतो. गाडी साधारण २५-३० मिलिमीटर खाली बसते. वजनाचा मध्य खाली आल्यामुळे वळणावर ती कमी कलते. दिसायलाही छान दिसते. इथपर्यंत सगळं खरं आहे.

आता दुसरी बाजू. समजा, चाक वर यायला मूळ गाडीत ६० मिलिमीटर जागा होती. गाडी ३० मिलिमीटर खाली आली, की उरली ३०, म्हणजे निम्मी. खड्डा तोच, पण झेलायला जागा अर्धी. मग स्ट्रट जाऊन आपटतो बंप स्टॉपच्या रबरावर. शिवाय जुना शॉकअप मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. खड्ड्यानंतर गाडी डोलत राहते आणि काही महिन्यांत शॉकअप तेल सोडायला लागतो. म्हणून जाणकार लोक स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच बदलतात. जर्मनीच्या आयबाख किंवा बिलस्टाइनसारख्या कंपन्या प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा भाग देतात, तो याच कारणाने.

गतिरोधकाचं गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. इतका रुंद असल्यामुळे गाडीची चारही चाकं त्याच्याच उतारावर असतात. २.६ मीटर व्हीलबेसच्या गाडीच्या पोटाखाली तो जेमतेम ५ सेंटिमीटर उचलतो. १० सेंटिमीटर क्लिअरन्सची गाडी आरामात निघून जाते.

पण गावात घातलेला गतिरोधक आठवा. अरुंद, टोकदार आणि मापापेक्षा उंच. तिथे पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अजून अलीकडे आणि पोटाखाली अख्खी उंची! १२ सेंटिमीटरचा ढिगारा असेल तर तीच गाडी पोट घासणार. समोर ऑइल चेंबर असलं तर तेल रस्त्यावर. गिऱ्हाईक टो करून परत कोणाच्या दारात येणार? तुमच्या.

शॉर्टकट: स्प्रिंग कापणं

ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापायचा, काम अर्ध्या तासात! कोणी कितीही आग्रह केला तरी हे करू नका. कारणं समजून घ्या, म्हणजे गिऱ्हाइकाला पटवून सांगता येईल.

स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. काम करणारे ६ वेढे असतील आणि एक कापला, तर उरलेल्या ५ वेढ्यांचा स्प्रिंग २० टक्के कडक होतो. शॉकअप मात्र तोच. वर कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. गाडी उसळली, चाक पूर्ण खाली लोंबलं, की स्प्रिंग ढिला पडून जागेवरून सरकू शकतो. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं तर त्याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि तो पुढे कधी दगा देईल, सांगता येत नाही. माळशेजच्या उतारावर हे झालं तर?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात आलेल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. नियमात न बसणारा बदल केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

“पण दंड तर मालकाला!” असं म्हणू नका. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, काम केलं कोणी? बिलावर नाव तुमचं असतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल सापडला, तर क्लेम अडतो आणि चिडलेलं गिऱ्हाईक तुमच्याकडेच येतं. म्हणून नियम ठरवून टाका: आरटीओचं आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर गिऱ्हाइकाने आणायचं, मगच उंचीला हात लावायचा. तोंडी “काही होत नाही हो” चालणार नाही.

मग धंदा कुठे आहे?

पौष पौर्णिमेला आपल्या म्हशाच्या जत्रेत बैलांचा बाजार भरतो. तिथे जाणता शेतकरी काय करतो? दात बघतो, खूर बघतो, बैल चालवून बघतो आणि मग दामाचं बोलतो. गाडीचंही तसंच करा. स्प्रिंग बदलायच्या आधी तपासणी करा आणि तपासणीचे पैसे घ्या. फुकट तपासणी केली, की गिऱ्हाईक तिला किंमत देत नाही.

तपासणीत हे बघा:

- चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, कागदावर लिहून
- शॉकअपवर तेलाचा ओघळ
- लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड
- स्ट्रटचं वरचं माउंटिंग, आवाज येतो का
- टायरची झीज आतून जास्त आहे की बाहेरून
- गिऱ्हाइकाला शेजारी बसवून खराब रस्त्यावर एक फेरी

बऱ्याच वेळा ‘गाडी हलते, खाली करून द्या’ या तक्रारीचं मूळ उंचीत नसतंच. थकलेला शॉकअप, फाटलेले बुश किंवा बिघडलेलं अलाइनमेंट निघतं. हे भाग मूळ मापाचे, चांगल्या प्रतीचे टाकले, तर गाडी पुन्हा रस्ता धरते. हेही सस्पेन्शनचं अपग्रेडच आहे आणि त्यात कायद्याची भीती नाही. रोजच्या गाड्यांसाठी गॅब्रिएलसारख्या कंपन्यांचे शॉकअप आपल्याच राज्यात, चाकण आणि नाशिकला बनतात.

काम करताना हे चुकवू नका

जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, घोडी लावा. स्प्रिंग दाबायचं अवजार दोन्ही बाजूंनी सारखं आवळल्याशिवाय स्ट्रटचा वरचा नट सोडू नका. दाबलेला स्प्रिंग सुटला, तर हात नाही, जीव जातो. सेल्फ लॉकिंग नट नवेच वापरा. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट टॉर्क पान्यानेच कसा. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासल्याशिवाय चावी परत देऊ नका.

मजुरी कशी काढायची?

एक उदाहरण घेऊ. समजा महिन्याचं भाडं ६,०००, वीज २,०००, मदतनीस १२,०००, कर्जाचा हप्ता ८,००० आणि तुमचा स्वतःचा पगार २५,०००. एकूण ५३,०००. महिन्याला २५ दिवस, दिवसाला खरे कामाचे ६ तास, म्हणजे १५० तास. तासाचा खर्च झाला सुमारे ३५३ रुपये. चारही चाकांचं काम साडेसहा तासांचं असेल, तर २,३०० रुपये नुसता खर्च. त्यावर २५ टक्के नफा धरला, तर २,८७५ च्या आसपास. अलाइनमेंट वेगळं. त्या मुलाने मनात किती धरले होते? दीड हजार! वर भाग गिऱ्हाइकाचे, म्हणजे भागांवर नफा शून्य आणि जबाबदारी पूर्ण.

पुढे काय झालं?

तो मुलगा म्हणाला, “सर, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल.” मी म्हटलं, “नुसतं नाही म्हणू नकोस. आधी तपासणी करून दे, कागद हातात दे, मग बोल.”

आठवड्याने त्याचा फोन आला. मागचा एक शॉकअप तेल सोडत होता, पुढचे दोन बुश फाटले होते. त्याने मूळ मापाचे भाग मागवून बसवले, अलाइनमेंट मुरबाडला करून घेतलं. लोअरिंग स्प्रिंग डब्यात तसेच परत दिले. गिऱ्हाईक थोडं नाराज झालं, पण पैसे दिले. पुढे त्यांनी घरची दुसरी गाडी पाठवली. पोरगं खूश होतं. मला जास्त आवडलं ते त्याचं शेवटचं वाक्य: “सर, आता मी जॉब कार्डाचं पुस्तकच छापून घेतलंय.”

तुमचा गृहपाठ

आज रात्री तीन गोष्टी करा. स्वतःच्या कामाचा तासाचा खर्च काढा. तपासणीचं एक पानी जॉब कार्ड बनवा, खाली गिऱ्हाइकाच्या सहीची जागा ठेवा. आणि आपण कोणती कामं घेणार नाही, ती यादी भिंतीवर लावा. उद्यम नोंदणी राहिली असेल तर तीही करून टाका, तिला एक रुपयाही लागत नाही. टॉर्क पाना आणि स्प्रिंगचं चांगलं अवजार घ्यायला पैसे कमी पडत असतील, तर बँकेत मुद्रा योजनेतल्या ५० हजारांपर्यंतच्या शिशु कर्जाची चौकशी करा.

गिऱ्हाईक मागेल ते देणारे गल्लोगल्ली आहेत. गाडी बघून खरं सांगणारा एक जरी म्हशात असला, तरी लोक ठाण्याहून वाट वाकडी करून त्याच्याकडे येतील. तो तुम्ही व्हा!