मेंदूच्या पानात काय वाढलंय?

माणसाच्या मेंदूचं वजन साधारण 1.3 ते 1.4 किलो. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के. पण शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतला सुमारे 20 टक्के वाटा हा एकटा फस्त करतो! तुम्ही गणित सोडवत असा की खिडकीबाहेर बघत बसलेले असा, त्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. विजेच्या हिशेबात मांडलं तर आठवणी, भाषा, राग, स्वप्नं हा सगळा कारभार 20 वॅटच्या आसपास चालतो.

लहान मुलांचा मेंदू तर आणखी खादाड. अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की पाचव्या वर्षाच्या सुमारास शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी 40 टक्क्यांहून जास्त ऊर्जा मेंदूच घेऊन टाकतो. या वयात मुलांचं उंची-वजन सावकाश वाढतं, कारण मेंदूचं बांधकाम जोरात असतं. बालवाडीतलं पोर घरात पाऊल टाकताच खायला मागतं, तेव्हा त्याला बिनबोभाट वाढावं.

पण वाढायचं काय? मेंदूसाठी खास खाणं म्हटलं की हल्ली ब्लूबेरी आणि परदेशी बियांची महागडी पाकिटं पुढे येतात. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले शोध चाळून पाहा, मेंदूचं सर्वांत मोठं भलं केलंय ते मीठ, पालेभाजी आणि कोंड्याची पुण्याई टिकवलेल्या तांदळानं. एखादी उणीव भरून निघाली की मेंदू खरोखर फुलतो. भरल्या पानात आणखी वाढत राहिलं म्हणून तो दुप्पट हुशार होत नाही.

तारलीचं तेल, जवसाची चटणी

पाणी वगळलं तर मेंदूच्या उरलेल्या वजनात निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. त्यातलं एक महत्त्वाचं ओमेगा-3 मेदाम्ल म्हणजे डीएचए. मेंदूच्या पेशींची आवरणं त्यामुळे लवचीक राहतात. मासे खा, असं सांगतात ते याच्यासाठी. गंमत अशी की माशांकडेही हे मुळात उसनंच आलेलं असतं. डीएचए तयार करतात समुद्रातली सूक्ष्म शैवालं. बारीक जीव ही शैवालं खातात, त्या जीवांना मासे खातात आणि मग ते आपल्या ताटात येतं.

खिशाला परवडणारी बातमीही आहे. ओमेगा-3 भरपूर असतं ते तेलकट मासळीत, आणि आपल्याकडची तेलकट मासळी म्हणजे बांगडा, तारली, पेडवे. पापलेट-सुरमईच्या मानानं स्वस्त! ताज्या तारल्या तापल्या तव्यावर टाकून बघा, थोड्याच वेळात त्यांचं स्वतःचं तेल सुटून कडेनं चुरचुरायला लागतं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालतात, ती या तेलकटपणाला चांगली टक्कर देतात.

मासे न खाणाऱ्यांसाठी विदर्भ-मराठवाड्यातलं जवस आहे. त्यात ओमेगा-3 भरपूर, पण दुसऱ्या प्रकारचं. शरीर त्याचं डीएचएमध्ये रूपांतर करतं, मात्र अगदी थोड्या प्रमाणात. अख्खे दाणे गिळले तर ते बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात. लोखंडी कढईत तडतडेपर्यंत भाजायचं, गार करायचं, लसूण-तिखट-मिठाबरोबर कुटायचं ही चटणीची रीत म्हणूनच अगदी बरोबर आहे. दाणा फुटल्याशिवाय आतलं तेल हाती लागत नाही.

चिमूटभर मिठाची करामत

या सगळ्या यादीत मला सर्वांत थोर वाटतं ते आयोडीन. मोठ्या माणसाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांची गरज एकत्र केली तरी 4 ग्रॅम भरत नाही, चहाचा एक चमचाही पुरे! पण आईच्या पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत तेवढंही मिळालं नाही, तर मेंदूची वाढ खुंटते आणि ती नंतर भरून येत नाही. मेंदूची जी हानी टाळता येण्यासारखी आहे, तिच्या कारणांत जागतिक आरोग्य संघटना आयोडीनच्या कमतरतेला सर्वांत वर ठेवते.

आयोडीन जमिनीतून येतं, आणि डोंगराळ भागात पाऊस-पूर ते धुऊन नेतात. हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या गलगंड दिसायचा तो यामुळे. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक साधा, देखणा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्याला नेहमीचं. काही वर्षांत त्या दोन भागांतला गलगंड झपाट्यानं उतरला, तिसऱ्यात तसाच राहिला. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज किराणा दुकानातल्या पिशवीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं दिसतं, त्यामागे ते खोरं आहे.

आता एक सावधगिरी. समुद्राच्या पाण्यापासून केलं म्हणून खडेमिठात पुरेसं आयोडीन असतं, हा समज चुकीचा आहे. गुलाबी सैंधवातही ते पुरेसं नसतं. लोणच्याला खडेमीठ जरूर वापरा, पण रोजच्या आमटी-भाजीत, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर, आयोडीनयुक्तच हवं. आणि मिठाचा डबा झाकणाचा असू द्या, शेगडीपासून दूर.

परळमध्ये लागलेला शोध

1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. इथल्या गरीब गरोदर बायकांना, त्यात गिरणीत राबणाऱ्याही होत्या, एक विचित्र पंडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येनं कमी. कितीतरी जणी त्यात दगावत. ल्यूसीबाईंनी या बायकांचं जेवण तपासलं, तर भाज्या-फळं जवळजवळ नाहीतच. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी तेव्हा माहीत असलेली जीवनसत्त्वं देऊन पाहिली, गुण आला नाही. मग उंदरांवर प्रयोग केले, पुढे माकडांवर. शेवटी कामी आलं ते मार्माइट, म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून बनणारं, पावाला लावायचं स्वस्त, काळं, खारट चाटण! बायका भराभर बऱ्या होऊ लागल्या. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आतला घटक कोणता हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. 1941 मध्ये तो ढीगभर पालकातून वेगळा काढला गेला. तेच फोलिक आम्ल.

मेंदूशी याचा संबंध पुढे उलगडला. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत बंद व्हावी लागते. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. 1991 मध्ये सात देशांतल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले: आधीच्या बाळात ही नळी नीट बंद न होण्याचा दोष आढळलेल्या बायकांना गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल दिलं, तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. डॉक्टर मूल हवं असं ठरवतानाच ही गोळी सुरू करायला सांगतात ते त्यामुळे. मुंबईच्या चाळीतल्या बायकांच्या आजारपणातून निघालेल्या या धाग्यानं जगभरात किती बाळं धडधाकट जन्मली असतील!

ताटात हे फोलेट मेथी, पालक, चवळी, हरभरा, मुगातून येतं. उष्णता आणि पाणी दोन्ही त्याचे वैरी. म्हणून पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि शिजवलेलं पाणी ओतून देऊ नये.

पुण्यातून आलेला इशारा

बी12 हे जीवनसत्त्व ना झाड बनवू शकतं, ना प्राणी. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाय गवत खाते, तिच्या पोटातले जिवाणू बी12 तयार करतात आणि आपल्याला ते दुधातून मिळतं. शुद्ध स्वरूपात त्याचे स्फटिक लालभडक दिसतात, कारण मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेत आहेत. बी12 ची कमतरता आपल्याकडे किती सर्रास आहे, हे या कामानं डोळ्यांत अंजन घालून दाखवलं. गरोदरपणात ज्यांचं बी12 कमी होतं, त्या आयांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रता आणि तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडलेली आढळली. दूध, दही, ताक, अंडी, मासे यांत ते असतं. स्पिरुलिनावर मात्र विसंबू नका, त्यातला बराचसा अंश शरीराच्या कामाचा नसतो. वय वाढलं की जेवणातलं बी12 शोषलं जाणंही कमी होतं, आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते घटतं. आजी-आजोबांच्या विसराळूपणाबरोबर हातापायांना मुंग्या येत असतील, तर वयावर ढकलण्याआधी रक्त तपासून घ्यावं. गोळी-इंजेक्शनानं सुधारण्यासारखं दुखणं उगाच का सोसायचं?

उकड्या तांदळाची पेज

1890 च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या कोंबड्या लटपटायला लागल्या. काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. खोदून पाहिल्यावर कळलं, मधल्या काळात त्यांना रुग्णालयातल्या स्वयंपाकघरातला, पॉलिश केलेल्या तांदळाचा पांढराशुभ्र भात मिळत होता. नव्या आचाऱ्यानं तो द्यायचं नाकारलं आणि कोंबड्या सुधारल्या! कोंड्याबरोबर जे निघून गेलं होतं ते थायमिन, म्हणजे बी1. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवायला ते लागतंच, आणि मेंदूचा तर सारा संसार ग्लुकोजवर. आइकमान यांना 1929 चं नोबेल मिळालं.

कोकण-गोव्यातल्या उकड्या तांदळात ही अडचण आधीच सुटलेली आहे. भात सालासकट भिजवून उकडतात, तेव्हा कोंड्यातलं थायमिन आत दाण्यात मुरतं. मग वाळवून कांडलं तरी बरंचसं टिकतं. तांबूस दाण्यांची ती गरम पेज, सोबत लोणच्याची फोड. शेतावर जाणाऱ्याला ही न्याहारी पुरे.

भराभर चार घास

• फ्रेंच रसायनतज्ज्ञ गोब्ले यांनी 1840 च्या दशकात अंड्याच्या बलकातून लेसिथिन वेगळं केलं आणि तेच मेंदूतही सापडलं. लेसिथिनचा घटक असलेलं कोलीन एका अंड्यात सुमारे 150 मिलिग्रॅम असतं, तेही जवळजवळ सगळं बलकात. पांढरं तेवढं खाऊन पिवळं टाकू नये.

• हळदीतलं कर्क्युमिन अंगी फारसं लागत नाही. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी सोबत मिऱ्यातलं पाइपरीन दिलं, तर माणसांमध्ये ते वीसपट शोषलं गेलं. मेंदूचे आजार हळदीनं टळतात, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

• ब्राह्मी या नावानं आपल्याकडे दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात, बारीक जाडसर पानांची नीरब्राह्मी आणि गोल कातरकडांची मंडूकपर्णी. विकत घेताना पान बघा.

• साखर खाऊन मुलं उधळतात हे खोटं. 1995 मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तसा परिणाम दिसला नाही.

• शिकागोत 2015 मध्ये पालेभाज्या, बेरी, सुकामेवा, मासे यांवर बेतलेला ‘माइंड’ आहार गाजला. 2023 मध्ये 604 जणांवरच्या तीन वर्षांच्या प्रयोगाचे निकाल आले, तेव्हा तुलनेच्या गटाहून तो ठळकपणे सरस ठरला नाही.

अळिवाचा लाडू, लिंबाची फोड

लोहाचं महत्त्व तान्ह्या वयात सर्वाधिक. कोस्टा रिकातल्या काही मुलांचा माग बेट्सी लोझॉफ यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत काढला. तान्हेपणी ज्यांना दीर्घकाळ लोहाची तीव्र कमतरता होती, ती मुलं तेव्हाही चाचण्यांत मागेच होती. आपल्याकडे बाळंतिणीला लोहयुक्त अळिवाचे लाडू देतात ते अगदी योग्य. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, चांगले फुगून बुळबुळीत झाले की ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटवायचे. वनस्पतींमधलं लोह शरीराला सहज मिळत नाही, पण ‘क’ जीवनसत्त्वाची जोड दिली की शोषण वाढतं. आणि चहातलं टॅनिन तेच लोह अडवून धरतं. तेव्हा मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा, लाडवाबरोबर आवळा किंवा संत्र्याच्या फोडी द्या, आणि चहा तासाभरानं.