ठरलेली शस्त्रक्रिया ऐनवेळी का रद्द होते?

मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसारख्या शस्त्रक्रियांची तारीख आधी ठरते. कोविडसारख्या साथीत मात्र ती आदल्या रात्रीही रद्द होऊ शकते. शस्त्रक्रियागृह मोकळे असूनही असे घडते, कारण अडचण बहुधा दुसरीकडेच असते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा अतिदक्षता विभागात खाट लागते. ती रिकामी आहे की नाही, हे त्याच सकाळी कळते. रात्रीत दोन अत्यवस्थ रुग्ण दाखल झाले की हिशेब कोलमडतो. भूलतज्ज्ञ तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांकडे आधीच वळवलेले असतात. परिचारिका विलगीकरणात गेल्या, रक्तदान शिबिरे थांबून रक्तपेढीतला साठा घटला किंवा ऑक्सिजनची गाडी वेळेत आली नाही, तरी शस्त्रक्रिया पुढे जाते.

रुग्णाचा कोविड चाचणी अहवाल पॉझिटिव्ह येणे हे आणखी एक कारण. लक्षणे नसली तरी धोका असतो. ‘कोविडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्यांपैकी सुमारे २४ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावल्याचे २०२० मध्ये दिसले. पुढे, शक्य असल्यास संसर्गानंतर किमान सात आठवडे थांबावे, असा सल्ला दिला गेला.

काही वेळा निर्णय रुग्णालयाच्या हातातच नसतो. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास सांगितले. मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या. अपघात, प्रसूती, फुटलेले अपेंडिक्स यांवरील शस्त्रक्रिया मात्र चालूच राहिल्या. खरा पेच कर्करोगाचा: तो आजच्या आज जीव घेत नाही, पण थांबतही नाही.