घाटातल्या शर्यतीचा हिशेब

हौशी सायकल शर्यतीच्या खर्चात सगळ्यात महाग बाब म्हणजे रिकामा रस्ता, आणि मावळात तो मिळवणे फार कठीण. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. त्यामुळे देहूरोड, तळेगाव, कामशेत, लोणावळा असा जुना महामार्गच काय तो उरतो. 2018 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाल्यापासून देहूरोड आणि तळेगाव त्याच्या हद्दीत येतात, कामशेत-लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे आणि खोपोली तर रायगड जिल्ह्यात. साठ किलोमीटरच्या आतल्या मार्गासाठी आयोजकाला तीन दारे ठोठावावी लागतात.

परवानगी मिळाली की बंदोबस्त, बॅरिकेड, चौकाचौकांत मार्शल, पुढे धावणारी पायलट गाडी, मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी, डॉक्टरसह रुग्णवाहिका, विमा आणि वेळ मोजणाऱ्या चिप यांचा खर्च सुरू होतो. यातले बरेचसे ठोक असते. शंभर जण आले काय किंवा तीनशे, रुग्णवाहिकेचे भाडे तेच. म्हणून कमी नोंदणी झालेली शर्यत हमखास तोट्यात जाते आणि उरलेली रक्कम प्रायोजकाकडून आणावी लागते. टी-शर्ट आणि पदक मात्र डोकी मोजून लागतात. प्रायोजकाचे नाव त्यांच्यावर झळकते म्हणून त्यांचा थाट राहतो आणि काटछाट मार्शलच्या संख्येत होते. ती चुकीच्या जागची काटकसर आहे. रविवारी सकाळी भुशी धरण, लायन्स पॉइंटकडे पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागायच्या आत शर्यत आटोपली नाही, तर वळणावर उभा असलेला माणूसच खरा उपयोगी पडतो.

त्या मानाने घाटचढाईची शर्यत स्वस्त पडते. खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळावरून जाणारा जुना घाट लोणावळ्यापर्यंत सुमारे 500 मीटर उंची गाठतो. चढावर वेग कमी असल्याने अपघाताची भीती कमी. शिवाय स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडले, तर घोळका होत नाही. जुन्या मुंबई-पुणे शर्यतीत हाच बोरघाट आधी सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळत आला आहे.

स्पर्धकाच्या बाजूने पाहिले तर प्रवेशशुल्क हा बहुधा सर्वांत लहान आकडा. सायकलींवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तरी शर्यतीच्या हलक्या सायकलीची किंमत सर्वसाधारण पगारदाराला जडच जाते. त्यात हेल्मेट, टायर, उतारावर झिजणारे ब्रेक पॅड आणि शनिवारी रात्री लोणावळ्यात मुक्काम केला तर सुटीच्या हंगामातले खोलीभाडे. पहाटेच्या पहिल्या गटात सुटायचे असेल तर तो टाळणेही सोपे नसते.

ज्यांना एवढे झेपत नाही, त्यांच्यासाठी ब्रेवे हा पर्याय आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, रस्ता वाहतुकीसाठी खुलाच, खाणेपिणे आणि पंक्चर ज्याचे त्याने पाहायचे. क्रमांक लावले जात नाहीत, त्यामुळे बंदोबस्ताचा भारही नाही आणि शुल्क कमी ठेवता येते. याच्या अगदी उलट टोकाला जानेवारी 2026 मधील आंतरराष्ट्रीय पुणे ग्रँड टूर. मुळशी-मावळातून गेलेल्या या व्यावसायिक शर्यतीसाठी प्रशासनाने रस्ते नव्याने केले आणि त्या वेळेपुरते बंदही ठेवले. हौशी मंडळाला एवढे बळ कुठून आणायचे? त्याला रविवारच्या पहाटेचे चार तासच परवडतात.