अक्रोड, तांदूळ आणि बीजिंगची थंडी

बीजिंगच्या यूह्वाताय या खानावळीत एका दुपारी ल्यांग घराण्याच्या तीन पिढ्या जेवायला बसल्या होत्या. शेवटी मोठ्या वाडग्यातून अक्रोडाचं गरमागरम, दाट, गोड सूप आलं आणि साऱ्यांनी ते वाखाणलं. आईचं मत मात्र वेगळं पडलं. रोज इतके वाडगे विकायचे तर चव इथवरच पोहोचणार, घरी लहान भांड्यात करून पाहू, असं ती म्हणाली आणि तिनं तसं केलंही. तिचा मुलगा ल्यांग शी-छ्यू (१९०३–१९८७) पुढे चिनी भाषेतला मातब्बर निबंधकार झाला. समग्र शेक्सपिअर त्यानं एकट्यानं चिनीत आणला. १९४९ मध्ये तो तैवानला गेला. आईच्या हातचं हे सूप त्यानं नोंदवून ठेवलं ते १९८५ च्या खाद्यनिबंधांच्या संग्रहात.

‘हथाव लाव’ हे या सूपाचं नाव. त्यात दूध नाही, लोणी नाही, पीठही नाही. तरी ते सायीसारखं मऊ लागतं. ही किमया भिजवण्या-वाटण्याची आहे.

चिनी वैद्यक पदार्थांना उष्ण किंवा शीत प्रकृती देतं, हे आयुर्वेदाशी परिचय असलेल्याला नवं वाटणार नाही. ली शी-चेन यानं १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या आणि १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या औषधीकोशात अक्रोड उबदार पदार्थांत मोडतो. उत्तर चीनमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली जातो. तिथे जेवणानंतरची गोड, गरम वाटी अंगात ऊब आणते. अठराव्या शतकातल्या ‘लाल महालाचं स्वप्न’ या कादंबरीतही उत्सवाच्या रात्री घरातल्या वृद्ध आजीला तेलकट किंवा फार गोड पेज नको असते. मग तिच्यासाठी बदामी चहा येतो. तोही याच कुळातला.

चार-पाच जणांसाठी दीडशे ग्रॅम अक्रोड, पन्नास ग्रॅम तांदूळ, दहा-बारा लाल चिनी बोरं, एक लिटर पाणी आणि चवीपुरती खडीसाखर पुरते. तांदूळ आदल्या रात्री भिजत घालावा. अक्रोड उकळत्या पाण्यात बुडवून त्यांची पातळ साल सोलावी. हे काम किचकट आहे. घरातल्या चार माणसांनी बसून करावं. पण ते टाळू नये, कारण अक्रोडातला तुरट कडवटपणा सालीतल्या टॅनिनमधून येतो. बोरं फुगेपर्यंत भिजवून शिजवावीत, साल-बी काढून गर घ्यावा. मग तांदूळ आणि अक्रोड थोड्या पाण्यासह अगदी बारीक वाटावेत, फडक्यातून घट्ट पिळून दूध काढावं, त्यात गर, साखर आणि उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावं.

अक्रोडात सुमारे पासष्ट टक्के तेल असतं. नुसतं वाटून उकळलं तर ते वर तरंगेल. तांदळाचा स्टार्च सत्तर अंशांच्या पुढे पाणी पिऊन फुगतो आणि तेलाचे सूक्ष्म थेंब आपल्यात अडकवून ठेवतो. म्हणूनच चव दुधाळ लागते. ढवळणं थांबलं, की तळाशी खीर धरते तसं हेही धरतं. बोरांमुळे रंगात फिकी जांभळट झाक उतरते.

ल्यांगच्या घरी यासाठी मुठीचं, तोटीचं, काळं मातीचं लहान भांडं वापरत. तांब्या-लोखंडाच्या भांड्यांपेक्षा त्यात मूळ चव टिकते, असं त्याचं मत होतं. ती भांडी वापरातून गेली याची त्याला हळहळ होती.

दक्षिणेत क्वांगतुंग आणि हाँगकाँगमध्ये याचंच भावंड मिळतं. तिथे अक्रोड भाजून वाटतात, त्यामुळे सूप गडद तपकिरी होतं आणि भाजल्याचा खमंगपणा पुढे येतो. काळ्या तिळाचं सूपही तिथल्या गोड पदार्थांच्या दुकानांत असतं.

आपल्याकडे हे करायचं झालं, तर अक्रोड ताजे निवडावेत. त्यांचं तेल लवकर खवट होतं आणि खवटपणा साखरेनं झाकत नाही. चिनी बोरांऐवजी खजूर घातला तर गोडी येते, आंबूस धार येत नाही. ती हवी असेल तर सुकी लाल बोरंच शोधावीत. आणि एका वेळी थोडंच करावं. खानावळीच्या मोठ्या कढईत जे जमणार नाही ते लहान भांड्यात साधतं, हे त्या आईचं म्हणणं या सूपाच्या बाबतीत पूर्णपणे खरं आहे.