शंभरपर्यंत पाठ, पण सात दाणे देता येईनात

‘आमच्या लेकराला शंभरपर्यंत येतं.’ यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत हे वाक्य कौतुकाने ऐकवलं जातं. कौतुक रास्तच आहे. शंभर शब्द क्रमाने लक्षात ठेवणं चार-पाच वर्षांच्या पोराला सोपं नाही. पण त्यावरून ‘गणितात हुशार आहे’ असं जे ठरवून टाकलं जातं, तो शुद्ध गैरसमज आहे.

खात्री करायची तर सुपात तुरीचे दाणे ठेवून लेकराकडे सात मागावेत. काही मुलं सरळ मूठभर उचलून देतात. काही एकेका दाण्यावर बोट ठेवून सातपर्यंत नीट मोजतात, पण ‘मग किती झाले?’ म्हटलं की पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी उच्चारलेला शब्द हाच सगळ्या दाण्यांचा आकडा, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. शब्दांचा क्रम ठरलेला असतो, एका वस्तूला एकच शब्द लागतो, शेवटचा शब्द म्हणजे एकूण, कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं आणि कोणतीही गोष्ट मोजता येते. पाठांतरातून यांतलं फक्त पहिलं पदरात पडतं. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर संख्या घडाघडा म्हणणाऱ्या कित्येक लहान मुलांना मागितलेल्या तीन वस्तूही मोजून देता आल्या नव्हत्या.

तरी पाठांतराचा अभिमान सुटत नाही. २०१९ च्या जूनमध्ये तो अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर विधानसभेत कोटीही झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की एकवीस, बावीस हे शब्द काढलेले नाहीत, ते पुस्तकात आहेतच, सोबत एक सोपी वाट दिली आहे. ऐकतो कोण? ‘जुने शब्द हद्दपार केले’ ही थाप आजही छातीठोकपणे सांगितली जाते.

नारळीकरांचं म्हणणं काय होतं, ते वहीत दिसतं. पंचवीस लिहायला सांगितलं की पोरगं ‘पंच’ ऐकून आधी ५ काढतं, मग २, आणि ५२ लिहून मोकळं होतं. त्याने ऐकलं तसंच लिहिलेलं असतं. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक आधी लिहिला जातो. त्यात एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडच्या तेलुगू पोराला हा ताप नाही. त्याचं ‘इरवै ओकटि’ म्हणजे सरळ वीस आणि एक. नदीच्या अलीकडे झरी जामणी, केळापूरच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, घरात कोलामी बोलणाऱ्या लेकराला तर आधी मराठी शिकायची आणि मग तिचे हे उलटे आकडे.

‘आम्ही नाही का पाठ केलं?’ हा यावरचा ठरलेला सवाल. केलं ना. पण त्याच वर्गात बसून गणिताला कायमचे घाबरलेले हा सवाल विचारायला येत नाहीत.

पुढची बेरीज-वजाबाकी पाठांतरावर नव्हे, संख्येच्या समजेवर उभी असते. आठ अधिक तीन करताना आठ मनात धरून ‘नऊ, दहा, अकरा’ म्हणायला आठ हा एक पूर्ण गट वाटावा लागतो, नाहीतर मूल दर वेळी एकपासून सगळं मोजतं. ४२ मधून १७ वजा करताना असंख्य मुलं ३५ लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात. ‘हातचा घे’ असं ओरडून उपयोग नाही. तुराट्यांचे सारखे तुकडे करून दहा-दहाच्या चार जुड्या बांधाव्यात आणि दोन काड्या सुट्या ठेवाव्यात. सतरा काड्या द्यायला पोरगं स्वतःच एक जुडी सोडतं. सात सुट्या आणि एक जुडी दिली की समोर दोन जुड्या आणि पाच काड्या उरतात. हातचा म्हणजे ती सोडलेली जुडी. आपल्याकडे तुराट्यांना तोटा नाही, विकतचं साहित्य कशाला?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. बोटांवर मोजणं ही खोड नाही. संशोधक नॅन्सी जॉर्डन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात शाळेच्या सुरुवातीला बोटं वापरणाऱ्या मुलांची उत्तरं अधिक बरोबर आली आणि दुसरीपर्यंत बोटांची गरज ओसरत गेली. तेव्हा बोटांवर पट्टी मारू नये. ३ किंवा ७ उलटा काढणं हेही त्या वयात सर्रास चालतं, त्याला आजार समजू नये. आणि वजाबाकी म्हणजे फक्त ‘काढून टाकणं’ नव्हे. तुझ्याकडे नऊ बोरं, ताईकडे सहा, तर किती जास्त, हीसुद्धा वजाबाकीच.

राहिला प्रश्न लेकरू मागे पडण्याचा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात बालवाटिकेच्या मुलाकडून दहापर्यंतचे अंक ओळखण्याची अपेक्षा आहे आणि पहिलीत ९९ पर्यंत वाचण्या-लिहिण्याची. केजीतल्या पोराला शंभर येत नाहीत म्हणून शिकवणी लावणाऱ्यांनी ती फी वाचवावी.