रक्तनिर्देशके, शीर्ष-ग्रीवा कर्करोगातील

रक्तनिर्देशके, शीर्ष-ग्रीवा कर्करोगातील : मुख, जीभ, घसा, स्वरयंत्र इ. भागांत उद्‌भवणाऱ्या कर्करोगाचे फलानुमान (रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज) करण्यास ज्यांचे मापन उपयोगी पडते, असे रक्तातील घटक. यांवरून रोगाचे निदान होत नाही. त्यासाठी ऊतकाचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

महाराष्ट्रात या कर्करोगांपैकी मुखाचा कर्करोग विशेष आढळतो व तंबाखू आणि सुपारी चघळण्याची सवय हे त्याचे प्रमुख कारण होय. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. तीत धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम व परांडा हे तालुकेही समाविष्ट आहेत. याच जिल्ह्यातील नळदुर्गसारख्या गावच्या रुग्णाला प्रारण चिकित्सेसाठी सोलापूर, बार्शी वा मुंबई गाठावी लागते. रक्तकोशिकांची गणना मात्र साध्या प्रयोगशाळेत अल्प खर्चात होते. स्वस्त निर्देशकांविषयीचे कुतूहल यातूनच वाढले आहे.

त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेला निर्देशक म्हणजे न्यूट्रोफिल व लसीका कोशिका या दोन प्रकारच्या श्वेत कोशिकांचे गुणोत्तर. अर्बुदाभोवती दीर्घकाळ शोथ (दाहयुक्त सूज) राहिल्यास न्यूट्रोफिल वाढतात. अर्बुदाचा प्रतिकार करणाऱ्या लसीका कोशिका घटतात. गुणोत्तर अधिक असलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे दीडपट ते दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसते. तथापि ‘अधिक’ म्हणजे किती, यावर एकमत नाही. सीमारेषा कोठे २, तर कोठे ५ धरलेली आढळते. शिवाय किडलेल्या दातामुळे झालेला गळू किंवा उलटी थांबविण्यासाठी दिलेले स्टेरॉइड यांनीही हे गुणोत्तर वाढते. मुखरोग्यांत या दोन्ही गोष्टी नित्याच्याच. अल्ब्युमीन या प्रथिनाचे प्रमाण कमी असणे हेही अनिष्ट लक्षण मानतात. पण ज्याचे तोंडच उघडत नाही, त्याच्या बाबतीत ते रोगाइतकेच उपासमारीचेही द्योतक असते.

हीमोग्लोबिनाचा इतिहास या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. ऑक्सिजन कमी मिळणाऱ्या अर्बुदावर प्रारणाचा परिणाम कमी होतो आणि रक्तक्षय असलेल्या रुग्णांत रोग अधिक वेळा उलटतो, हे पूर्वीपासून ज्ञात होते. तेव्हा रक्तक्षय दूर केला की गुण येईल, असा तर्क साहजिकच होता. जर्मनीतील हेंके व सहकाऱ्यांनी ३५१ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२००३) काहींना तांबड्या कोशिका वाढविणारे एरिथ्रोपोएटीन हे हॉर्मोन देण्यात आले. हीमोग्लोबिन वाढले, परंतु त्याच रुग्णांत रोगाचे नियंत्रण अधिक वाईट झाले. डेन्मार्कमधील अशाच एका चाचणीतही निराशाच पदरी पडली. निर्देशक सुधारला म्हणजे रोग सुधारतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

नासाग्रसनीच्या (नाकामागील घशाच्या भागाच्या) कर्करोगात मात्र रक्तपरीक्षेला खरे यश लाभले आहे. हा रोग बहुधा एपस्टाइन-बार व्हायरसाशी निगडित असल्याने त्या व्हायरसाचे डीएनए रक्तद्रवात मोजता येते. हाँगकाँगमध्ये २०,१७४ निरोगी वाटणाऱ्या पुरुषांच्या तपासणीत (२०१७) या पद्धतीने ३४ रुग्ण सापडले व त्यांतील बहुतेक प्राथमिक अवस्थेत होते. तंबाखूजन्य मुख-कर्करोगात असा एकच सामाईक व्हायरस नसतो. अर्बुदातून रक्तात झिरपणारे विकृत डीएनए रुग्णागणिक वेगळे असते आणि त्याचा शोध खर्चिक ठरतो.

मुख-कर्करोगात मानेतील लसीका ग्रंथींत रोग पोहोचला आहे की नाही, हीच फलानुमानातील निर्णायक बाब राहिली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील चाचणीत (२०१५) प्राथमिक अवस्थेतच या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८०%, तर रोग उद्‌भवल्यावरच काढलेल्यांपैकी ६७.५% रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. ग्रंथी काढाव्यात की नाही, हे ठरविण्याइतका विश्वसनीय रक्तनिर्देशक उपलब्ध नाही.